सुतक, रजा आणि खाडा

कामापासून दूर राहण्यास मराठींत तीन शब्द आहेत, आणि तिघांचें कुळ निरनिराळें आहे. ‘रजा’ हा शब्द अरबींतून फारसीच्या वाटेनें आपल्याकडे आला. त्याचा मूळ अर्थ संमति. रजा म्हणजे दुसऱ्यानें मान्य केलेली गैरहजेरी. ‘खाडा’ हा हजेरीपटावरचा शब्द. मजूर आला नाहीं कीं त्याच्या नांवापुढें खाडा पडतो आणि त्या दिवसाची मजुरी बुडते. तिसरा शब्द ‘सुतक’. सुतक कोणी देत नाहीं व कोणी कापीत नाहीं. घरांत मृत्यु झाला कीं तें आपोआप लागतें आणि ठराविक दिवसांनीं आपोआप फिटतें. ज्या बाईचें मूल पोटांतच गेलें, किंवा पदरांत येऊन चार दिवसांनीं गेलें, तिनें पुन्हां कामावर केव्हां व कसें जावें, हा प्रश्न या तीन शब्दांच्या मध्यें अडकून पडला आहे. तो सुटत कसा आला व कोठें अडला, हें पाहण्याचा या लेखांत आमचा विचार आहे.

धर्मशास्त्रानें या प्रश्नाकडे पाठ फिरविली असें म्हणतां येणार नाहीं. गर्भस्राव झाल्यास जितके महिने गर्भ राहिला असेल तितक्या रात्रींनीं स्त्री शुद्ध होते, असा नियम मनुस्मृतीच्या पांचव्या अध्यायांत आहे. पुढील स्मृतिकारांनीं व निबंधकारांनीं त्याचें गणित आणखी बारीक केलें : चौथ्या महिन्यापर्यंत तो ‘स्राव’, पांचव्या-सहाव्यांत तो ‘पात’, आणि त्यापुढें ती ‘प्रसूति’. दोन वर्षांच्या आंतलें मूल गेलें तर त्याला अग्नि द्यावयाचा नाहीं, उदकहि द्यावयाचें नाहीं. गांवाबाहेर शुद्ध भूमींत पुरावयाचें. हें सारें गणित शुद्धाशुद्धतेचें आहे, शोकाचें नव्हे. किती रात्रींनंतर ही स्त्री घरच्या धर्मकृत्यांस व व्यवहारास पुन्हां योग्य होते, एवढेंच त्यांत पाहिलें आहे. मूल जितकें लहान तितकें अशौच थोडें, हा त्याचा सर्वसाधारण धोरणाचा धागा; आणि आईच्या मनाचें माप या धाग्यानें घेतां येत नाहीं, हें कोणत्याहि आईस विचारून पाहावें.

तथापि त्या जुन्या व्यवस्थेंत एक गुण होता, तो नजरेआड करणें न्यायाचें होणार नाहीं. सुतकासाठीं कोणाकडे अर्ज करावा लागत नसे. त्या रात्रींपुरता तरी बाईच्या हातचा कामधंदा सुटे, आणि तो सुटणें हा तिचा अपराध मानला जात नसे. बाळंतिणीचा सव्वा महिनाहि याच जातीचा. अर्थात् ज्या घरांत दुसऱ्या बाईचे हात होते, किंवा एक दिवस मजुरी न मिळाली तरी चूल पेटत होती, तेथेंच ही सोय पुरती पाळली जाई. शेतावर राबणाऱ्या बाईला शास्त्रापेक्षां सुगी अधिक बलवान् असे, हेंहि तितकेंच खरें.

पुढें गिरणी आली. मुंबईंत कापडगिरणीचा पाया १८५४ सालीं घातला गेला, आणि १९२० च्या सुमारास शहराच्या गिरण्यांतील कामकऱ्यांपैकीं सुमारें पंचमांश बायका होत्या. त्यांतल्या बहुतेक रीळखात्यांत व वाइंडिंगखात्यांत, नायकिणीच्या हाताखालीं, तुकड्यावर काम करीत. जितकें सूत गुंडाळावें तितका पैसा. गिरणीला सुतक माहीत नव्हतें. तिला खाडा तेवढा माहीत होता. बाळंतपणाकरितां बाई कोंकणांत किंवा घाटावर आपल्या गांवीं जाई, अथवा चाळीच्या खोलींतच बाळंत होई. कसेंहि झालें तरी पटावरची तिची जागा राहीलच अशी खात्री नसे. परत आल्यावर पुन्हां काम मिळणें नायकिणीच्या मर्जीवर असे, आणि ती मर्जी राखावयास कांहीं ना कांहीं हातावर ठेवावें लागे. मूल जगलेलें असो वा गेलेलें असो, दारांतून आंत येण्याची ही दस्तुरी सारखीच.

आणि मूल जाणें ही त्या काळीं क्वचित् घडणारी गोष्ट नव्हती. १९२१ सालच्या मुंबईच्या आंकड्यांप्रमाणें दर हजार नोंदलेल्या जन्मांमागें ६६६ अर्भकें वर्षाच्या आंत दगावलीं; एका खोलीच्या बिऱ्हाडांत हें प्रमाण ८२८ पर्यंत गेलें. इतिहासाच्या अभ्यासकानें या आंकड्यांपाशीं थोडें थांबलें पाहिजे. पुष्कळ जन्मांची नोंद मुळींच होत नसे. पुष्कळ मुलें गांवीं जन्मास येत व मुंबईस मरत, त्यामुळें मृत्यु शहराच्या खातीं पडे आणि जन्म पडत नसे. तेव्हां खरें प्रमाण याहून कमी असलें पाहिजे. पण किती कमी केलें म्हणजे तो आंकडा माणसाला सोसवेल? याच सुमारास मुंबई सरकारनें डॉ. बार्न्स या स्त्री-डॉक्टरांस गिरणींतील बायकांच्या बाळंतपणाची चौकशी करण्यास नेमलें. आई कामावर असतांना मूल झोंपून राहावें म्हणून त्याला अफूची गोळी देण्याची चाल किती सार्वत्रिक आहे, हें त्यांच्या चौकशींतून जगापुढें आलें. या चालीला आईची निर्दयता म्हणणारे तेव्हांहि होते. परंतु जिला खाडा परवडत नाहीं, जिच्या मागें मुलाला सांभाळणारें कोणी नाहीं, तिच्यापुढें दुसरा मार्ग कोणता होता, हें सांगण्याची जबाबदारी त्यांपैकीं कोणीं घेतल्याचें आमच्या वाचनांत नाहीं.

१९१९ सालीं वॉशिंग्टन येथें आंतरराष्ट्रीय मजूर परिषदेनें बाळंतपणाच्या रजेचा करार मंजूर केला : प्रसूतीपूर्वीं सहा आठवडे, प्रसूतीनंतर सहा आठवडे, आणि त्या मुदतींत आई व मूल यांच्या पुरत्या पोषणास लागेल एवढें द्रव्य. हिंदुस्थानास तो लागू झाला नाहीं. येथील सरकारनें प्रश्नाचा अभ्यास करावा, एवढेंच ठरलें. १९२४ सालीं ना. म. जोशी यांनीं मध्यवर्ती विधिमंडळांत या विषयावर बिल आणलें, तें पुढें फेटाळलें गेलें. मग मुंबईच्या कायदेकौन्सिलांत आसवले यांनीं बिल मांडलें. १९२८ च्या जुलै महिन्यांत डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनीं त्याच्या बाजूनें भाषण केलें. प्रसूतीच्या आधीं व नंतर आईस विसावा मिळणें हें राष्ट्राच्या हिताचें आहे, त्याचा भार वास्तविक बव्हंशीं सरकारनें उचलावा, परंतु बाईच्या श्रमाचा लाभ घेणाऱ्या मालकासहि त्यांतून अंग काढतां येणार नाहीं, असा त्यांचा मुद्दा होता. १९२९ सालीं कायदा झाला. मुंबईच्या गिरणींतल्या बाईला दिवसाला आठ आणे, जास्तींत जास्त सात आठवडे. आणि बाळंतपणानंतर चार आठवडे तिला कामावर घेण्यास मालकास बंदी.

हा कायदा म्हणजे खाड्याचें रजेंत रूपांतर करण्याचा आपल्याकडील पहिला मोठा प्रयत्न होय, आणि त्याचें मोल कमी लेखण्याचा आमचा हेतु नाहीं. पण त्याच्या बाजूनें जी भाषणें व जे लेख झाले, त्यांतील युक्तिवादाचा रोंख ध्यानांत घेण्यासारखा आहे. आईला विसावा कशासाठीं? तर मूल सुदृढ व्हावें म्हणून, अर्भकांचे मृत्यु कमी व्हावेत म्हणून, राष्ट्राची पुढची पिढी नीट निपजावी म्हणून. युक्तिवाद योग्यच होता, आणि त्या काळीं दुसऱ्या कोणत्याहि युक्तिवादानें मतें मिळालीं नसतीं. परंतु ज्या बाईचें मूल गेलें ती या युक्तिवादाच्या बाहेर राहिली. ज्या मुलासाठीं विसावा, तें मूलच नाहीं. मग ही बाई घरीं बसून काय करते, असा प्रश्न नायकिणीच्या काय, शेजारणीच्याहि तोंडीं येणें स्वाभाविक होतें. कायद्याचे आठ आणे तिच्या हातीं पडत असतील. पण तिच्या घरीं राहण्याला कारण म्हणून सांगावा असा शब्द त्या सर्व चर्चेंत नव्हता.

पुढील कायद्यांचा इतिहास थोडक्यांत असा. १९३० मध्यें मध्यप्रांतांत असाच कायदा झाला. १९३१ सालीं मजुरांविषयींच्या रॉयल कमिशननें सर्व देशभर असे कायदे व्हावेत अशी शिफारस केली. बंगालनें १९३९ सालीं तो केला. १९४१ सालीं खाणींतील बायकांसाठीं निराळा कायदा आला. या सर्वांत खर्चाचा बोजा एकट्या मालकावर होता. त्याचा परिणाम असा झाला कीं, बाईला रजा देण्यापेक्षां बाईच न घेणें कांहीं मालकांस सोयीचें वाटूं लागलें. मुंबईच्या गिरण्यांत बायकांचें प्रमाण पुढील दशकांत घटत गेलें. रात्रपाळीवरील बंदी व यंत्रांची नवी मांडणी हींहि त्याचीं कारणें आहेत, पण हें एक कारण अभ्यासकांनीं वारंवार नोंदलेलें आहे. १९४८ च्या राज्य विमा कायद्यानें हा बोजा विम्याच्या फंडावर टाकण्याचा मार्ग दाखविला, तो या दृष्टीनें शहाणपणाचा होता.

याच विमा कायद्यांत आमच्या विषयाला एक महत्त्वाची व्याख्या सांपडते. जिवंत मूल जन्मास येणें ही तर प्रसूति आहेच. पण सव्विसाव्या आठवड्यानंतर मूल जिवंत येवो वा मृत येवो, तीहि प्रसूतिच, असें हा कायदा मानतो. १९६१ च्या अखिल भारतीय प्रसूतिलाभ कायद्यानें तेंच तत्त्व अधिक सुटसुटीत शब्दांत घेतलें. ‘मूल’ या शब्दांत मृत जन्मलेल्या मुलाचा समावेश होतो, असें त्यानें स्पष्ट सांगितलें. सव्विसाव्या आठवड्याच्या अखेरपर्यंत गर्भ गेला तर तो गर्भपात. त्यासाठीं सहा आठवडे पगारी रजा, आणि त्या सहा आठवड्यांत बाईला जाणूनबुजून कामावर लावण्यास मालकास मनाई. त्यापुढें आजार उद्भवला तर आणखी एक महिना. रजेवर असतांना तिला कामावरून काढतां येत नाहीं. संसदेनें २०२० सालीं मंजूर केलेल्या सामाजिक सुरक्षा संहितेंत हींच तत्त्वें उतरलीं आहेत.

स्राव, पात आणि प्रसूति ही जुनी विभागणी, आणि सव्विसाव्या आठवड्यावरची ही नवी रेघ, यांतील साम्य पाहून आम्हांस नवल वाटतें. दोन्ही ठिकाणीं काळ मोजला आहे; दोन्ही ठिकाणीं माप गर्भाच्या वयाचें आहे. फरक एवढाच कीं, स्मृतिकारास शुद्धीचा प्रश्न होता, कायदेपंडितास शरीराच्या विसाव्याचा. कायद्याला कोठें तरी रेघ ओढावी लागते, हें आम्ही जाणतों. पण सव्विसाव्या आठवड्याच्या शेवटच्या दिवशीं जिचा गर्भ गेला तिला सहा आठवडे, आणि त्यानंतर दोन दिवसांनीं जिला मृत मूल झालें तिला पूर्ण प्रसूतिरजा, या दोघींच्या दुःखांत तेवढेंच अंतर आहे असें कोण म्हणेल? पूर्ण प्रसूतिरजा १९६१ च्या कायद्यांत बारा आठवडे होती. २०१७ च्या दुरुस्तीनें ती सव्वीस आठवडे झाली. दोन किंवा अधिक मुलें हयात असतील तर मात्र ती बाराच राहिली. ‘हयात’ हा शब्द येथें मुद्दाम घातलेला आहे. जें मूल गेलें तें या मोजणींत धरावयाचें नाहीं. आईच्या बाजूचा हा नियम आहे हें खरें. तरी कार्यालयांतील कागद भरतांना मुलांची संख्या लिहिण्याच्या रकान्यापाशीं तिचा हात थांबत असेल, हें विसरतां येत नाहीं.

१९६१ च्या कायद्यांतलें आणखी एक वाक्य सांगण्यासारखें आहे. प्रसूतींत किंवा त्यानंतरच्या मुदतींत आईच मरण पावली आणि मूल मागें राहिलें, तर मालकानें पुऱ्या मुदतीचा लाभ द्यावा. परंतु तें मूलहि त्या मुदतींत गेलें, तर त्याच्या मृत्यूच्या दिवसापर्यंतचाच द्यावा. हिशेब म्हणून यांत चूक काढतां येणार नाहीं. पण आई आणि मूल दोघेंहि गेल्यावर त्या घरांत जो मागें उरतो, त्याची कायद्याच्या हिशेबांत कोठेंहि ओळ नाहीं, हें या एका वाक्यावरून उघड होतें.

या दीर्घ इतिहासांत शोक हा शब्द सरकारी कागदावर उमटण्यास शंभर वर्षें लागलीं. २ सप्टेंबर २०२२ रोजीं केंद्र सरकारच्या कार्मिक खात्यानें एक आज्ञापत्र काढलें. मूल मृत जन्मलें, किंवा जन्मल्यावर थोड्याच दिवसांत गेलें, तर केंद्र सरकारच्या स्त्री-नोकरास साठ दिवसांची विशेष प्रसूतिरजा मिळावी, असें त्यांत ठरलें. जन्मापासून अठ्ठावीस दिवसांच्या आंतला मृत्यु त्यासाठीं धरावयाचा. मृतजन्माच्या बाबतींत गर्भ अठ्ठावीस आठवड्यांचा झालेला असावा. हयात मुलें दोनांहून कमी असावींत. प्रसूति मान्यताप्राप्त रुग्णालयांत झालेली असावी. आधीं प्रसूतिरजा चालूं असली तर गेलेले दिवस दुसऱ्या रजेंत वळवून, मृत्यूच्या दिवसापासून साठ दिवस नव्यानें मोजावयाचे. ही रजा कां, याचें कारणहि त्यांत दिलें आहे : अशा मृत्यूचा आईच्या मनावर होणारा खोल आघात. धर्मशास्त्रानें शुद्धि पाहिली, १९२९ च्या कायद्यानें मुलाचें आरोग्य पाहिलें, १९६१ च्या कायद्यानें शरीर पाहिलें. मन पाहिलें तें या आज्ञापत्रानें.

येथें एक विसंगति मात्र ध्यानांत घ्यावी. ज्या कायद्यानें शोकाचें नांवहि घेतलें नाहीं, तो शब्दशः वाचला तर मृत मूल झालेल्या कामगार स्त्रीस पूर्ण प्रसूतिरजा देतो. ज्या आज्ञापत्रानें शोकाचें नांव घेतलें, तें साठ दिवस देतें. आणि दोन्हींत बापाच्या शोकास जागा नाहीं. ब्रिटनमध्यें २०१८ सालीं झालेला कायदा २०२० पासून अमलांत आला. त्यानें चोविसाव्या आठवड्यानंतरच्या मृतजन्मास व अपत्याच्या मृत्यूस आईबाप दोघांनाहि दोन आठवड्यांची रजा दिली. न्यूझीलंडनें २०२१ सालीं गर्भपातासाठीं तीन दिवसांची पगारी शोकरजा दिली, आणि ती बाईच्या जोडीदारासहि लागू केली. तीन दिवस हे फार थोडे; पण ती रजा आजाराच्या नांवाखालीं घ्यावी लागत नाहीं, यांत तिचें महत्त्व आहे. दुःख झालें असतां आजारी आहें असें लिहून द्यावें लागणें, यांत माणसाचा एक प्रकारचा अपमान आहे असें आम्हांस वाटतें.

रजेचा प्रश्न येथें संपतो, पण परत येण्याचा प्रश्न येथें सुरू होतो. आणि त्यावर आजवरच्या सर्व कायद्यांत एकहि ओळ नाहीं. मूल गेलें म्हणून दूध यावयाचें राहत नाहीं. मृत मुलाच्या आईसहि तें येतें व कांहीं दिवस तिला वेदना देतें. अंगावर पिणारें मूल असलेल्या बाईस कामाच्या वेळांत दोनदां मोकळीक द्यावी, असें कलम १९६१ पासून आहे, आणि तें मूल पंधरा महिन्यांचें होईपर्यंत चालतें. जिचें मूल गेलें तिला त्या मोकळिकीचा अधिकार नाहीं. तिची शेजारीण ज्या वेळीं उठून जाते त्या वेळीं तिनें जागेवर बसावयाचें. जातांना तिचें पोट सर्वांनीं पाहिलेलें असतें. परत आल्यावर कोणी तरी न कळून पेढे मागतो. आणि ज्यांस कळलेलें असतें ते तिच्याकडे पाहण्याचें टाळतात. समाचारास जाण्याची आपल्याकडे रीत आहे. चार माणसें येऊन बसतात, कांहीं न बोलतांहि बसतात. म्हाताऱ्या माणसाच्या मृत्यूनंतर कार्यालयांतले सोबतीहि समाचारास जातात. चार दिवसांच्या मुलासाठीं मात्र कोणी जात नाहीं; किंबहुना ‘अजून वय आहे, दुसरें होईल’ असें म्हणून त्या मुलाचें असणेंच नाकारलें जातें. स्मृतिकारांचें गणित आपण सोडलें असें आपण समजतों, पण मूल लहान तर शोक लहान, हा त्याचा धागा आपल्या बोलण्यांत अजून शाबूत आहे.

कायद्यानें सर्वच साधणार नाहीं, असें म्हणून हा विषय मिटविणें सोपें आहे. परंतु कांहीं गोष्टी कायद्यानें व नियमांनीं साधण्याजोग्या आहेत. रजेला शोकाचें नांव द्यावें, आणि ती सरकारी नोकरापुरती न ठेवतां सर्व कामकरी बायकांस लागू करावी. बापासहि थोडे दिवस द्यावेत. परत येणाऱ्या बाईस पहिले कांहीं आठवडे कमी तास काम करण्याची मुभा असावी. आणि तिच्या गैरहजेरीचें कारण सोबत्यांस कोणी व कोणत्या शब्दांत सांगावें, हें तिला आधीं विचारलें जावें. शेवटच्या गोष्टीला एक पैसाहि खर्च नाहीं.

आणि जिला रजाच नाहीं तिचें काय? आपल्याच मराठवाड्यांतून दर वर्षीं नवराबायकोंच्या जोड्या ऊसतोडीला जातात. जोडीला मिळून एक ‘कोयता’ म्हणतात. मुकादमाकडून घेतलेली उचल अंगावर असते. आणि एक जण कामावर न आला तर खाडा पडतो. गिरणीच्या पटावरचा तो शब्द उसाच्या फडांत अजून जिवंत आहे. याच बायकांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचें प्रमाण पाहून राज्यसरकारास २०१९ सालीं बीड जिल्ह्यांत चौकशीसमिति नेमावी लागली. कामांतील खाडा टळावा हा त्या शस्त्रक्रियांच्या कारणांपैकीं एक म्हणून त्या वेळीं पुढें आला. वॉशिंग्टनचा करार झाला त्याला शंभर वर्षें पुरीं झालीं तें हें साल. फडांत गर्भ गेला तर ती बाई दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीं मोळ्या उचलूं लागते. तिचा मालक कोण हेंच ठरत नसल्यामुळें सव्वीस आठवड्यांची रेघ तिच्यापर्यंत पोंचतच नाहीं.

तेव्हां शंभर वर्षांचा हा प्रवास खाड्याकडून रजेकडे झाला, आणि तोहि थोड्याच बायकांपुरता. रजा मागावी लागते व कोणी तरी ती द्यावी लागते. मूल गेल्यावर ज्या थोड्या दिवसांचा हक्क आईला असला पाहिजे, तो मात्र सुतकाच्या जातीचा आहे. शुद्धाशुद्धतेची कल्पना गेली याचें आम्हांस मुळींच दुःख नाहीं. पण तिच्याबरोबर तो न मागतां मिळणारा विसावाहि गेला, आणि त्याच्या जागीं दुसरें कांहीं सर्वांसाठीं उभें करणें अद्याप आपल्याकडून झालेलें नाहीं. तें करतांना मोजावयाचेंच असेल तर आईच्या बाजूनें मोजावें. गर्भाचे आठवडे पुष्कळांनीं मोजून झाले आहेत.